लाईट आली, पण कार्डांची अदलाबदल झाली

वाचकांचे प्रश्न. यावेळी लिनक्स व्हीएमच्या (व्हर्च्युअल मशीन, म्हणजे एका कॉम्प्युटरच्या आत सॉफ्टवेअरनं चालवलेला दुसरा कॉम्प्युटर) नेटवर्क कार्डांवर इतकी पत्रं आली की बाकीचे विषय पुढच्या अंकात ढकलले. कमांड आणि फाइलींची नावं उच्चाराप्रमाणे छापली आहेत, टाइप करताना नेहमीच्या रोमन स्पेलिंगनंच करा.

प्रश्न: सर, हिंगणा एमआयडीसीत आमचं छोटं युनिट आहे, मी खरं तर अकाउंट्सचा माणूस पण कॉम्प्युटरचं सगळं माझ्याच गळ्यात पडलं. एका जुन्या सर्व्हरवर व्हीएम चालवणारं प्रॉक्समॉक्स आहे, त्यात डेबियन लिनक्सचं एक व्हीएम फायरवॉल म्हणून चालते. ईथ झिरो इंटरनेटकडे, ईथ वन कारखान्याच्या लॅनकडे, बरेच दिवस काहीच त्रास नव्हता. मग कॅमेऱ्यांसाठी तिसरं कार्ड जोडलं, चालू मशीनलाच, तेव्हाही सगळं चाललं. पहिले दोन व्हर्टआयओचे आहेत, म्हणजे व्हीएमसाठीच बनवलेले, तिसरं चुकून ई१००० प्रकारचं, म्हणजे इंटेलच्या जुन्या कार्डाची नक्कल, घेतलं गेलं. आता उन्हाळ्यात दुपारी लाईट गेली, यूपीएसनं मान टाकली, लाईट आल्यावर मशीन उठली तर पूर्ण कारखान्यात इंटरनेट नाही. पाहतो तं ईथ झिरो म्हणजे कॅमेऱ्याचं कार्ड झालेलं आणि इंटरनेटवालं ईथ वन होऊन बसलेलं. दोनदा रिस्टार्ट केलं, मग आपोआप जागेवर आलं. हे नावं काऊन बदलून राहिले, आणि कायमचे पक्के कसे करायचे?
— एक वाचक, हिंगणा रोड

उत्तर: आपोआप जागेवर आलं म्हणजे दुरुस्त झालं असं समजू नका. पुढची लाईट गेली की पुन्हा तेच होऊ शकतं.

ईथ झिरो, ईथ वन ही कर्नलनं, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यानं, दिलेली नावं. त्यात अक्कल एवढीच की जे कार्ड आधी सापडलं त्याला झिरो, त्यानंतरच्याला एक. तुमची पहिली दोन कार्डं एकाच ड्रायव्हरची होती, तो ड्रायव्हर पीसीआयच्या, म्हणजे कार्डं जिथे जोडली जातात त्या रस्त्याच्या, क्रमानं त्यांना उचलायचा, म्हणून क्रम टिकला. तिसरं आलं वेगळ्या ड्रायव्हरचं. आता बूट होताना दोन ड्रायव्हर जवळपास एकाच वेळी लोड होतात आणि कोण आधी पोचेल याची गॅरंटी कोणीच देत नाही. चालू मशीनला जोडलं तेव्हा झिरो आणि एक आधीच वाटून झाले होते, त्यामुळे तिसऱ्याला गुपचूप दोन मिळाला. लाईट गेली, सगळे परत रांगेत लागले आणि ई१००० पुढे घुसलं. तुमच्याकडे यात अजून एक भानगड झाली असणार, तिकडे लक्ष गेलं नसेल. लॅनला आयपी वाटणारा डीएचसीपी सर्व्हर ईथ वनवर बांधलेला असेल तर तो तेवढा वेळ इंटरनेट कंपनीच्या दिशेनं आयपी वाटत बसला होता.

दुसरं म्हणजे डेबियनमध्ये ईथ झिरो मुळात दिसायलाच नको होतं. डेबियन ९ पासून, म्हणजे २०१७ पासून, नवीन इन्स्टॉलला प्रॉक्समॉक्सवर ईएनएस१८, ईएनएस१९ अशी नावं येतात. कोणीतरी ग्रबमध्ये, म्हणजे मशीन बूट करणाऱ्या प्रोग्राममध्ये, नेट डॉट आयएफनेम्स बरोबर शून्य टाकून ठेवलं आहे, इंटरनेटवरचे निम्मे लेख हाच सल्ला देतात. प्रॉक फोल्डरमधली सीएमडीलाइन फाइल कॅट करून पाहा, तिथे दिसेल.

ती विचित्र नावं कोणी हौस म्हणून काढलेली नाहीत. आधी यूडेव्ह, म्हणजे हार्डवेअर ओळखून नावं देणारा लिनक्सचा भाग, काय करायचं तर प्रत्येक कार्डाचा स्वतःचा ओळख नंबर म्हणजे मॅक अ‍ॅड्रेस आणि त्याला दिलेलं नाव '७०-पर्सिस्टंट-नेट डॉट रूल्स' या फाइलीत लिहून ठेवायचं. एका मशीनपुरतं ते बरं होतं, पण व्हीएम क्लोन केलं की मॅक नवा, फाइलीत नोंद जुनी, मग नवीन कार्ड ईथ वन व्हायचं, त्याचा क्लोन ईथ टू. ज्यांनी २०१० च्या आसपास व्हीएम सांभाळली त्यांना ही फाइल डिलीट करायची सवयच लागली होती. वरून यूडेव्ह आणि कर्नल दोघंही एकाच ईथच्या आकड्यांत खेळायचे, म्हणून नाव बदलताना टक्कर व्हायची. डेलनं बायोसडेव्हनेम काढलं, २०११ मध्ये फेडोरा १५ मध्ये ते आलं, त्यात ईएम१ अशी नावं होती. मग जानेवारी २०१३ मध्ये सिस्टमडीच्या (मशीन सुरू करून सेवा सांभाळणारा लिनक्सचा भाग) १९७ व्या आवृत्तीत सध्याची पद्धत आली.

या पद्धतीत नाव कार्डाच्या जागेवरून ठरतं. आपल्याकडे पत्ता सांगताना अमुक ले-आउट, प्लॉट नंबर इतका असं सांगतात, घरात कोण राहतं किंवा कोण आधी राहायला आलं याच्याशी त्याला देणंघेणं नसतं, तसंच. ईएन म्हणजे इथरनेट. पुढे ओ असेल तर मदरबोर्डवरचं कार्ड आणि आकडा फर्मवेअरनं सांगितलेला, एस असेल तर स्लॉट नंबर, पी असेल तर पीसीआय बस आणि तिच्यावरची जागा, आणि एक्स असेल तर पुढे सगळा मॅक अ‍ॅड्रेसच चिकटवलेला. यातलं काहीच मिळालं नाही तर बिचारं ईथच राहतं.

मग ग्रबमधलं काढलं आणि ईएनएस१८ वर परत गेलं की झालं? तीन कार्डांच्या अदलाबदलीचा त्रास खरंच थांबेल. पण व्हीएममध्ये स्लॉट हार्डवेअरचा नसतो, हायपरवायझरनं, म्हणजे व्हीएम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरनं, वाटलेला असतो. तुमचंच प्रॉक्समॉक्स घ्या, आत्ता मशीन टाइप (व्हीएमला दाखवलेला मदरबोर्ड) आय४४०एफएक्स असेल तर पहिलं कार्ड ईएनएस१८, आणि उद्या कोणी तो टाइप क्यू३५ केला की तेच कार्ड ईएनपी६एस१८ होतं. पुढचा अख्खा ले-आउटच बदलला की जुन्या प्लॉट नंबरला अर्थ राहत नाही. उलट मॅक अ‍ॅड्रेस. खऱ्या मशीनवर कार्ड जळलं की मॅक गेला, व्हीएममध्ये मात्र तो कॉन्फिगमधली एक ओळ असतो, तुम्ही बदलेपर्यंत तो बदलत नाही. म्हणून ज्या व्हीएमचं काम पक्कं आहे, फायरवॉलसारखं, त्याच्या कार्डाचं नाव मॅकला बांधा आणि नाव कामावरून ठेवा, जागेवरून नको. लॅन०, नेट०, कॅमेरा० अशी नावं असली की रात्री फोनवर कोणाला सांगतानाही गोंधळ होत नाही.

आता करायचं कसं. आधी प्रॉक्समॉक्सचा कन्सोल उघडा, एसएसएचवरून, म्हणजे नेटवर्कनं लांबून लॉगिन करून, हे करू नका, चुकलं तर स्वतःच बाहेर अडकाल. व्हीएममध्ये आयपी लिंक चालवा आणि प्रत्येक मॅक प्रॉक्समॉक्सच्या हार्डवेअर टॅबमधल्या नेट०, नेट१, नेट२ शी जुळवून कागदावर लिहा. हो, कागदावर, कारण मधेच स्क्रीनवरचं सगळं बदललेलं असतं.

मग ईटीसी, त्यात सिस्टमडी, त्यात नेटवर्क, या फोल्डरमध्ये प्रत्येक कार्डासाठी एक फाइल, उदाहरणार्थ '१०-लॅन० डॉट लिंक'. त्यात पहिली ओळ चौकोनी कंसात मॅच, खाली मॅकअ‍ॅड्रेस बरोबर तो पत्ता, त्याखाली टाइप बरोबर ईथर. मग चौकोनी कंसात लिंक, आणि त्याखाली नेम बरोबर लॅन०. एवढंच. टाइपची ओळ फालतू वाटते पण गाळू नका, व्हीलॅन किंवा ब्रिज, म्हणजे कार्डावर बसवलेलं सॉफ्टवेअरचं कार्ड, बनवला की तो खालच्या कार्डाचाच मॅक घेऊन येतो आणि त्यालाही लॅन० व्हायचं असतं. सुरुवातीचे १० यासाठी की फाइली नावाच्या क्रमानं वाचल्या जातात, जी आधी जुळली तीच लागू होते, आणि डिफॉल्टवाली ९९ नंबरची आहे. नाव १५ अक्षरांपेक्षा मोठं चालत नाही. आणि कृपा करून त्यात नेम बरोबर ईथ झिरो लिहू नका, ते नाव कर्नल कोणाला तरी देऊन बसलेलं असतं आणि मग बदल फेल जातो.

फाइल बरोबर बसली का हे रिस्टार्ट न करता पाहता येतं. यूडेव्हअ‍ॅडएम टेस्ट-बिल्टइन नेट_सेटअप_लिंक, आणि पुढे सिस फोल्डरमधल्या क्लास, नेट मधला त्या कार्डाचा रस्ता. कोणती लिंक फाइल लागू झाली ते आउटपुटमध्ये येतं. तिथे ९९ वाली डिफॉल्ट दिसली तर तुमच्या मॅकमध्ये टायपो आहे, बहुतेक वेळा शून्य आणि आठची गल्लत.

ग्रबच्या डिफॉल्ट फाइलीतून ते आयएफनेम्सवालं काढा, अपडेट-ग्रब चालवा, आणि अपडेट-इनिटरॅमएफएस हायफन यू नक्की चालवा. यूडेव्ह बूटच्या अगदी सुरुवातीला इनिटरॅमएफएसमधूनच, म्हणजे बूटसाठीच्या छोट्या तात्पुरत्या डिस्कमधूनच, कामाला लागतं आणि तिथे तुमच्या लिंक फाइलीची जुनी प्रत असते किंवा प्रतच नसते, म्हणून लोक म्हणतात की फाइल बरोबर आहे तरी नाव बदलत नाही. रेड हॅटच्या घराण्यातलं मशीन असेल तर याच कामासाठी ड्रॅकट हायफन एफ.

रिस्टार्टच्या आधी एक काम राहिलं, आणि सगळ्यात जास्त माती इथेच होते. जुनं नाव किती ठिकाणी लिहिलंय ते शोधा. ग्रेप हायफन आर करून पूर्ण ईटीसीत ईथ शोधा. इंटरफेसेस फाइल, डीएचसीपी सर्व्हरची सेटिंग, कुठलीतरी बॅकअपची स्क्रिप्ट, आणि फायरवॉलचे नियम. लिनक्सच्या एनएफटेबल्स फायरवॉलमध्ये आयआयएफ आणि आयआयएफनेम असे दोन प्रकार आहेत. आयआयएफ नियम लोड होताना त्या नावाचं कार्ड शोधून त्याचा नंबर धरून ठेवतो, कार्ड नसलं तर एरर येते आणि ती एकच ओळ नाही, पूर्ण फाइलच लागू होत नाही. म्हणजे मशीन बूट झाली, इंटरनेट चालू, आणि फायरवॉलमध्ये एकही नियम नाही. कोणाला कळतही नाही, कारण सगळं तर चाललं आहे. आयआयएफनेम फक्त नाव जुळवतो, तोच वापरा. रिस्टार्टनंतर एनएफटी लिस्ट रूलसेट करून नियम खरंच आहेत का ते डोळ्यांनी पाहा.

हे सगळं कारखान्याच्या सुट्टीच्या दिवशी करा, आणि करून झाल्यावर व्हीएम मुद्दाम चार वेळा बंद-चालू करून पाहा. आणि ते तिसरं कार्डही व्हर्टआयओच करून टाका, ई१००० ची नक्कल करण्यात सीपीयू उगाच खर्च होतो. प्रकार बदलताना मॅक तोच राहू द्या म्हणजे लिंक फाइलीला हात लावावा लागणार नाही.

प्रश्न: दादा, मी इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, आमच्या ग्रुपनं प्रॅक्टिकलसाठी व्हर्च्युअलबॉक्समध्ये उबुंटू सर्व्हरचं एक व्हीएम बनवलं आणि त्याचे क्लोन सगळ्यांना वाटले. दोन प्रॉब्लेम येऊन राहिले, काहींच्या क्लोनमध्ये नेटवर्कच येत नाही, आणि ज्यांचं येतं त्यांच्यातल्या काहींना ब्रिज मोडमध्ये (व्हीएम थेट बाहेरच्या नेटवर्कवर) सेम आयपी मिळतो. मी मॅकवरून नाव पक्कं करायचं वाचलं होतं तसं केलं पण क्लोनमध्ये नाव परत ईएनपी०एस३ होऊन जाते.
— एक विद्यार्थिनी, त्रिमूर्ती नगर

उत्तर: वरच्या वाचकांना मी मॅकला बांधा म्हटलं, तुला उलटं सांगतो. ज्या मशीनच्या प्रती निघणार आहेत तिथे मॅकला काहीच बांधायचं नाही. क्लोन करताना व्हर्च्युअलबॉक्स नवीन मॅक तयार करायचे की जुनेच ठेवायचे हे विचारतो. नवीन केले तर तुझी लिंक फाइल जुळत नाही म्हणून नाव परत ईएनपी०एस३. जुनेच ठेवले तर एकाच नेटवर्कवर एका मॅकची अनेक मशीनं, तो तर अजून मोठा राडा. नवीनच करायचे.

नेटवर्क न येण्याचं कारणही बहुतेक हेच असणार. ईटीसीतल्या नेटप्लॅन (उबुंटूची नेटवर्क सेटिंग) फोल्डरमध्ये जी यामल फाइल आहे, बऱ्याचदा '५०-क्लाउड-इनिट' नावाची, तिच्यात मॅचखाली मॅकअ‍ॅड्रेस लिहिलेला आहे का पाहा. मूळ व्हीएमचा मॅक तिथे अडकलेला असतो, क्लोनमधलं कार्ड त्याच्याशी जुळत नाही, मग नेटप्लॅन त्याला हातच लावत नाही.

व्हर्च्युअलबॉक्समध्ये एक गोष्ट तुमच्या फायद्याची आहे. पहिलं अ‍ॅडाप्टर नेहमी स्लॉट ३ वर आणि दुसरं ८ वर बसतं, म्हणून तर ईएनपी०एस३ आणि ईएनपी०एस८. प्रत्येक क्लोनमध्ये हेच. त्यामुळे तुमच्या ग्रुपला नाव बदलायची गरजच नाही, नेटप्लॅनमध्ये ईएनपी०एस३ लिहा आणि मॅचचा भाग काढून टाका. लॅब०सारखं नाव पाहिजेच असेल तर लिंक फाइलीत मॅकअ‍ॅड्रेसच्या जागी पाथ लिही. तो यूडेव्हअ‍ॅडएम इन्फोच्या आउटपुटमध्ये आयडी_पाथच्या पुढे मिळेल, तसाच कॉपी कर, अंदाजानं लिहू नको.

सेम आयपीचं कारण वेगळंच आहे, त्याचा कार्डाशी संबंध नाही. उबुंटू सर्व्हर डीएचसीपीकडे स्वतःची ओळख मॅकनं सांगत नाही, ईटीसीतल्या मशीन-आयडी फाइलीवरून बनवलेल्या ओळखीनं सांगतो. क्लोनमध्ये ती फाइलही क्लोन झाली, म्हणजे राउटरच्या हिशेबानं तुम्ही सगळे एकच मशीन. मूळ व्हीएम बंद करण्याआधी ती फाइल रिकामी कर, ट्रंकेट हायफन एस शून्य, डिलीट नको, रिकामी असली की पुढच्या बूटला नवीन आयडी बनतो. ज्यांचे क्लोन आधीच वाटून झाले त्यांना नेटप्लॅनमध्ये त्या कार्डाखाली डीएचसीपी-आयडेंटिफायर मॅक ही ओळ टाकायला सांग. आणि जाता जाता, एसएसएचच्या होस्ट कीही सगळ्यांच्या सारख्याच झाल्या असतील, त्या नवीन करून घ्या.

प्रश्न: वर्धा रोडवरच्या आमच्या ऑफिसात व्हीएमवेअरवरून लिनक्सच्या केव्हीएम हायपरवायझरवर जायचं ठरलंय. ट्रायलला एक मशीन हलवली तर ईएनएस१९२ चं ईएनपी१एस० झालं आणि मशीन नेटवर्कवरून गायब. बाकीच्या मशीनसाठी आधीच काय करून ठेवावं?
— एक सिस्टीम अ‍ॅडमिन, मनीष नगर

उत्तर: ईएनएस१९२ मधला आकडा व्हीएमवेअरनं कार्डाला दिलेल्या पीसीआय स्लॉट नंबरातून येतो, केव्हीएमला त्याच्याशी काही घेणं नाही. हलवण्याआधी, म्हणजे मशीन अजून व्हीएमवेअरवर चालू असतानाच, वर सांगितल्याप्रमाणे मॅकवरून लिंक फाइल टाका, नवीन नावावर सगळं कॉन्फिग करा आणि तिथेच रिस्टार्ट करून तपासा. मग केव्हीएमवर मशीन डिफाइन करताना तोच जुना मॅक हातानं द्या. द्यायला विसरलात तर केव्हीएम सांभाळणारं लिबव्हर्ट स्वतःचा ५२:५४:०० नं सुरू होणारा मॅक देईल आणि पुन्हा तेच. इनिटरॅमएफएस नव्यानं बनवताना त्यात व्हर्टआयओचे ड्रायव्हर आहेत ना तेही बघा, नाहीतर नेटवर्क राहिलं बाजूला, डिस्कच सापडणार नाही. नेटवर्कमॅनेजर वापरत असाल तर प्रोफाइलमध्ये इंटरफेस-नेमला जुनं नाव चिकटलेलं असतं, एनएमसीएलआयनं तेही बदला. आणि उबुंटू असेल तर नेटप्लॅनमध्येच मॅच आणि सेट-नेम टाकून हे काम होतं, मग वेगळी लिंक फाइल नको, दोन ठिकाणी लिहिलं की सहा महिन्यांनी कोणती खरी हे कोणालाच सांगता येत नाही.

प्रश्न: आमच्या एका जुन्या सॉफ्टवेअरचं लायसन्स ईथ झिरोचा मॅक शोधते, दुसरं नाव दिसलं की चालूच होत नाही. कंपनीवाले म्हणतात नवीन व्हर्जन घ्या. काही जुगाड?
— एक वाचक, सदर

उत्तर: जुगाडाची गरज नाही. त्या सॉफ्टवेअरसाठी वेगळं व्हीएम ठेवा, त्याला एकच कार्ड द्या आणि ग्रबमध्ये नेट डॉट आयएफनेम्स बरोबर शून्य टाका. वर मी त्या ओळीला नावं ठेवली ती एकापेक्षा जास्त कार्डांसाठी, एकच असेल तर रांगेत भांडायला दुसरं कोणी नाही. फक्त पुढे कोणी त्या व्हीएमला दुसरं कार्ड जोडू नये म्हणून हायपरवायझरच्या नोट्समध्ये कारणासकट लिहून ठेवा.

प्रश्न: हायपर-व्हीमध्ये उबुंटू टाकलं, काहीच सेटिंग केली नाही तरी ईथ झिरो आणि ईथ वनच येतात. म्हणजे आमच्याकडे हे नवीन नावांचं चालूच नाही का?
— एक वाचक, नंदनवन

उत्तर: चालू आहे, पण हायपर-व्हीचं नेटवर्क कार्ड पीसीआयवर नसतंच, ते व्हीएमबस नावाच्या त्यांच्या स्वतःच्या रस्त्यानं येतं. स्लॉट नाही, बस नंबर नाही, मग नाव कशावरून काढणार, म्हणून कर्नलचंच नाव राहतं. दोन कार्डं आहेत म्हणजे तुम्हाला मॅकवरून नाव बांधणं भागच आहे. त्याआधी हायपर-व्हीच्या सेटिंगमध्ये प्रत्येक कार्डाचा मॅक डायनॅमिकवरून स्टॅटिक करा. डायनॅमिक ठेवला आणि मशीन दुसऱ्या होस्टवर गेली तर मॅक बदलू शकतो, आणि मग तुमची लिंक फाइल ज्या मॅकला शोधत असेल ते कार्ड त्या मशीनमध्ये नसेलच.